स्कॉटलंडमधला छोटा फुटबॉल क्लब चालतो कसा, आणि त्याला संघ बांधणं इतकं जड का जातं?

प्रश्न असा होता: "मी नाशिकचा, सध्या ग्लासगोत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकतोय. परवा लीग टूचा, म्हणजे चौथ्या थरातला सामना पाहिला. मैदानावर पाचेकशे माणसं होती. खेळाडूंना पगार असतो म्हणे. मग हा पैसा येतो कुठून? दर उन्हाळ्यात अर्धा संघ का बदलतो? एखादा श्रीमंत मालक मिळाला तर सगळं सुटणार नाही का? आणि मला अशा क्लबात काम शिकता येईल का?"

मी सी.ए. आहे, मूळचा मिरजेचा. स्कॉटलंडमध्ये येऊन वीस वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं लीग वन आणि लीग टूमध्ये वरखाली होणाऱ्या एका क्लबचा जमाखर्च बिनपगारी सांभाळतोय. क्लबाचं नाव घेत नाही, कारण खेळाडूंच्या पगाराचा विषय निघणार आहे आणि ड्रेसिंग रूममधल्या माणसांचा विश्वास मला मोलाचा आहे.

आधी थोडक्यात उत्तर. क्लब गरीब आहे म्हणून बुडत नाही. पगार दर आठवड्याला द्यावा लागतो आणि पैसा लहर लागेल तेव्हा येतो, तिथे तो बुडतो. संघ बांधायचा असतो मे-जूनमध्ये, आणि वर्षभरात किती पैसे आले हे कळतं पुढच्या एप्रिलमध्ये. आर्थिक अडचण आणि संघाची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच वहीची ती डावी-उजवी पानं आहेत.

इथली रचना तुम्हाला ठाऊक असेलच. २०१३ पासून एसपीएफएलच्या, म्हणजे स्कॉटिश प्रोफेशनल फुटबॉल लीगच्या छत्राखाली ४२ क्लब आहेत: प्रीमियरशिपमध्ये १२, आणि चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टूमध्ये दहा-दहा. खालच्या तीन लीगांत प्रत्येक संघ दुसऱ्याशी चारदा भिडतो. म्हणजे ३६ सामने, त्यातले १८ घरच्या मैदानावर. हा १८ आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

टीव्हीचा पैसा हा स्कॉटलंडचा मूळ दुखरा भाग आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०२५ पासूनच्या चार हंगामांसाठी देशातल्या प्रक्षेपणाचे हक्क सुमारे ६७० कोटी पौंडांना विकले. स्कॉटिश लीगचा स्काय या टीव्ही कंपनीबरोबरचा करार वर्षाला सुमारे ३ कोटी पौंडांचा आहे. त्यातला मोठा हिस्सा वरच्या बारा क्लबांत जातो. आमच्यापर्यंत येतं ते पन्हाळीतून ठिबकणारं पाणी. पण नियमित येतं, म्हणून त्यालाही मी मान देतो.

आता पाचशे प्रेक्षकांचा हिशेब मांडू. हे कोणा एका क्लबाचे आकडे नाहीत, पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत. तिकीट १५ पौंड धरा. त्यातले अडीच पौंड व्हॅटचे, ते सरकारचे. पाचशेत पेन्शनर आले, विद्यार्थी आले, बापाचा हात धरून फुकट आलेली पोरं आली, सीझन तिकीटवाले आले. व्हॅट वजा जाता माणशी नऊ पौंड हाती लागले तरी मी खूश असतो. म्हणजे सामन्याला ४,५०० आणि १८ सामन्यांचे ८१,०००. दुसऱ्या बाजूला वीस खेळाडू, सरासरी आठवड्याला १५० पौंड. आठवड्याचे झाले ३,०००, आणि ४४ आठवड्यांचे १,३२,०००. इथेच ५१,००० पौंडांची खोट आली. अजून मॅनेजर, त्याचे सहायक, फिजिओ, प्रवासाची बस, फ्लडलाइटचं वीजबिल, विमा, धुलाई, रेफरींचं मानधन, पोलीस आणि गर्दी सांभाळणारे स्ट्यूअर्ड, मैदानाचं खत यातलं काहीच धरलेलं नाही.

ही खोट भरून निघते ती लहान लहान पैशांतून. लीगकडून हप्त्याहप्त्याने येणारा वाटा, जर्सीवरचा आणि कुंपणावरच्या फलकांचा पैसा, हॉस्पिटॅलिटीचं, म्हणजे सामन्यासोबत जास्त पैसे देणाऱ्या पाहुण्यांचं जेवण, मध्यंतरातली सोडत, हॉल भाड्याने देणं. एका स्थानिक नळकाम करणाऱ्याने सामन्याचा चेंडू 'प्रायोजित' केला तर त्याचं नाव लाउडस्पीकरवर दोनदा घेतलं जातं, आणि तो माणूस पुढच्या वर्षी पुन्हा येतो. मैदानात बिअर विकून पैसे का कमवत नाही, असं भारतातून आलेले पाहुणे विचारतात. १९८०च्या स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यानंतर मैदानावर दंगल झाली, आणि तेव्हापासून इथल्या फुटबॉल मैदानांत सर्वसाधारण प्रेक्षकांना दारू विकता येत नाही. रग्बीला चालते. आमच्यासारख्या क्लबांवर हा अन्याय आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. आम्हाला मिळतो तो हॉस्पिटॅलिटीचा आणि शेजारच्या सोशल क्लबाचा गल्ला, बस.

पैसा कसा निसटतो हे एका शनिवारवरून सांगतो. जानेवारी, सकाळचे नऊ. मैदानाच्या तीन चतुर्थांश भागात ऊन पोचलंय, पण स्टँडच्या सावलीतला पट्टा पांढराफटक आहे. रेफरी बुटाची टाच मारून बघतो. एकदा, दोनदा. ग्राउंड्समन पहाटे पाचपासून तिथे उभा आहे, रात्री अंथरलेली आच्छादनं त्याने स्वतः ओढून काढलीत. रेफरी मान हलवतो. सामना रद्द. बेकरीवाल्याने तोवर दीडशे स्कॉच पाय आणून ठेवलेत. स्कॉच पाय म्हणजे कडक कणकेच्या वाटीत भरलेला मिरीदार मटणाचा खिमा. हॉस्पिटॅलिटीच्या तीस जणांचं सूप शिजतंय. पाहुण्या संघाची बस निम्म्या वाटेवरून परत फिरते आणि बसवाल्याचं बिल यायचं ते येतंच. सामना पुढे एखाद्या मंगळवारी रात्री होतो. तेव्हा थंडी असते, दुसऱ्या दिवशी शाळा असते, पाहुणे समर्थक येत नाहीत आणि गेट, म्हणजे तिकिटांचा गल्ला, निम्म्यावर येतं. हॉस्पिटॅलिटी तर होतच नाही. एका हिवाळ्यात आमचे असे चार सामने गेले. त्या वर्षी फेब्रुवारीत पगाराच्या गुरुवारी बँकेतली शिल्लक बघताना माझे हात गार पडायचे.

फेब्रुवारीच का? सीझन तिकिटांचे पैसे मे ते जुलैमध्ये येतात आणि ऑक्टोबरपर्यंत संपतात. मग येतो डिसेंबर ते मार्चचा खड्डा. रद्द झालेले सामने, वाढलेलं वीजबिल, आणि पगार मात्र चालूच. क्लबाचा ताळेबंद वर्षअखेरीला ठीक दिसतो आणि तरी क्लब फेब्रुवारीत गुदमरू शकतो. नवे संचालक आले की मी त्यांना वार्षिक अंदाजपत्रक नंतर दाखवतो, आधी आठवडावार रोखीचा तक्ता देतो.

याच कारणासाठी बहुतेक छोट्या क्लबांनी कृत्रिम गवत घातलं. स्टेनहाउसम्यूर, अलोआ, मॉन्ट्रोज, फॉरफर, अनान, क्वीन ऑफ द साउथ अशी मोठी यादी आहे. दव गोठलं तरी खेळ होतो, आणि सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी तेच मैदान तासाच्या भाड्याने मुलांच्या संघांना देता येतं. पण ते गालिच्यासारखं झिजतं. साधारण दहा वर्षांत बदलावं लागतं, आणि दरवर्षी त्यासाठी पैसे बाजूला काढले नाहीत तर दहाव्या वर्षी डोकं धरून बसायची पाळी येते. त्यात २०२६-२७ पासून प्रीमियरशिपमध्ये कृत्रिम मैदानांना बंदी करायचं वरच्या क्लबांनी ठरवलंय. लीग टूवाल्याला त्याची झळ लगेच लागत नाही, पण वर जायचं स्वप्न असेल तर तो खर्च धरावाच लागतो.

चषकाचा पैसा हा आमच्या धंद्यातला सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक पैसा. लीगच्या सामन्याचं गेट यजमान क्लबाचं. स्कॉटिश चषकात मात्र खर्च वजा जाता ते दोघांत वाटलं जातं. प्रीमियरशिपचे क्लब चौथ्या फेरीत, जानेवारीत, चषकात उतरतात. तिथवर टिकलात आणि सेल्टिक किंवा रेंजर्स या दोन सगळ्यात मोठ्या क्लबांपैकी एकाच्या मैदानावर सामना लागला, तर एका दुपारी वर्षभराच्या गेटहून जास्त पैसा हातात येऊ शकतो. टीव्हीने तो सामना दाखवला तर आणखी. आमच्याकडे ही चिठ्ठी एकदाच निघाली. ड्रॉ चालू असताना सोशल क्लबात सत्तरीतली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली होती. दुसऱ्याच सकाळी मॅनेजरचा फोन: "आता तरी एक चांगला स्ट्रायकर घेऊ या." मी नाही म्हणालो. त्या पैशातून फ्लडलाइट बदलले आणि उरलेले पुढच्या फेब्रुवारीसाठी राखले. मॅनेजर महिनाभर माझ्याशी मोजकंच बोलला. पण स्ट्रायकरचा पगार चिठ्ठी न निघालेल्या वर्षीही द्यावा लागतो, आणि तो कुठून द्यायचा याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं. नियम मी एकच पाळतो. पक्क्या पैशातून पगार, चषकाचा पैसा मैदानात आणि राखीव निधीत.

२०२५च्या एप्रिलपासून एक नवा काटा टोचतोय. मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारामागे सरकारला द्यायची वर्गणी, १३.८ वरून १५ टक्के झाला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो लागू होण्याची मर्यादा वर्षाला ९,१०० वरून ५,००० पौंडांवर, म्हणजे आठवड्याला १७५ वरून ९६ वर आली. अर्धवेळ क्लबांवर याचा काय परिणाम झाला बघा. आठवड्याला १५० घेणाऱ्या खेळाडूमागे आधी क्लबाला काहीच भरावं लागत नव्हतं. आता ८ पौंड १० पेन्स भरावे लागतात. वीस खेळाडूंचे आठवड्याला १६२. सरकारने छोट्या मालकांची सूट ५,००० वरून १०,५०० पौंड केली, म्हणून खेळाडूंपुरतं भागतं. पण मॅनेजर, ग्राउंड्समन, बारमधली मंडळी, अकादमीचे प्रशिक्षक सगळे पगारपत्रकावर असतील तर ती सूट बघता बघता संपते. पन्नास वर्षं जुन्या क्लबांच्या समित्यांना हे कोणी नीट समजावून सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता संघाकडे वळू. तुमचा दुसरा प्रश्न खरं तर जास्त खोल आहे.

अर्धवेळ क्लब मंगळवारी आणि गुरुवारी रात्री सराव करतो. खेळाडू दिवसा सुतार, इलेक्ट्रिशियन, शिक्षक, पोस्टमन, जिम ट्रेनर असतात. म्हणजे आमची निवड सुरू होते नकाशावरून. सरावाच्या जागेपासून पाऊण तासाच्या गाडीच्या अंतरात कोण राहतं? ग्लासगो ते एडिनबरा या पट्ट्यात खेळाडू पुष्कळ, पण क्लबही तितकेच, आणि सगळे त्याच चाळीस-पन्नास चेहऱ्यांच्या मागे. टोकाच्या क्लबांचे हाल वेगळे. स्ट्रॅनरार पार नैर्ऋत्येला, आयर्लंडकडे तोंड करून बसलेलं गाव. तिथल्या क्लबाला खेळाडू ग्लासगो आणि एअरशरकडून आणावे लागतात. आणि ईशान्य टोकाच्या पीटरहेडशी सामना असला तर एका बाजूचं अंतर चारशे किलोमीटरच्या वर जातं. हा सामना मंगळवारी रात्री ठेवावा लागला तर दोघा-तिघा खेळाडूंना सुट्टीच मिळत नाही. बाकावर तेव्हा अकादमीतली सतरा वर्षांची पोरं बसलेली दिसतात.

शिवाय आमची स्पर्धा फक्त लीगमधल्या क्लबांशी नाही. २०२० मध्ये पश्चिमेकडचे जुने 'ज्युनियर' क्लब (नाव तसं, पण संघ मोठ्यांचेच) वेस्ट ऑफ स्कॉटलंड लीगमधून पिरॅमिडमध्ये, म्हणजे बढतीने वर चढता येणाऱ्या लीगांच्या उतरंडीत आले. त्यातल्या काहींकडे स्थानिक उद्योजकांचा चांगला पैसा आहे, प्रवास अर्ध्या तासाचा आहे, आणि दर्जा कमी म्हणावा तर जानेवारी २०२३ मध्ये सहाव्या थरातल्या डार्व्हेलने ॲबर्डीनला चषकात १-० ने हरवलं होतं. तिशीतला, दोन पोरांचा बाप असलेला बचावपटू तिकडे का जाणार नाही?

एक संभाषण जवळून ऐकवतो. मेचा शेवटचा आठवडा. आमचा मधल्या फळीतला खेळाडू, २८ वर्षांचा, व्यवसायाने सुतार, तीन वर्षं आमच्याकडे. मॅनेजर आणि मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो साइटवरून थेट आला होता, हाताला भुसा तसाच. त्याने पगार वाढवून मागितला नाही. त्याने विचारलं, "माझा गुडघा गेला तर क्लब किती आठवडे पैसे देईल?" मागच्या हंगामात संघातल्या एकाचा घोटा मोडला होता. तो सहा आठवडे पायऱ्या चढू शकत नव्हता, म्हणजे त्याचं प्लंबिंगचं काम बंद. क्लबाचे दीडशे पौंड मिळत होते, पण घर त्यावर चालत नव्हतं, घर चालायचं प्लंबिंगवर. एमआरआयसाठी सरकारी दवाखान्यात थांबायचं तर महिने लागले असते, म्हणून समर्थकांनी वर्गणी काढून खासगी स्कॅन करून घेतलं. आमच्या सुताराने हे सगळं पाहिलं होतं. मी त्या रात्री घरी येऊन विम्याचे कागद पुन्हा काढले. आठवड्याला काही पौंड जास्त भरून आम्ही दुखापतीचं संरक्षण वाढवलं, आणि त्याने सही केली. दुसऱ्या क्लबाने त्याला तीस पौंड जास्त देऊ केले होते हे मला नंतर कळलं. खेळाडू टिकवणं म्हणजे पगार वाढवणं, ही समजूत माझ्या डोक्यातून त्या दिवसापासून गेली.

दर उन्हाळ्यात अर्धा संघ बदलतो याचं सरळ कारण म्हणजे एक वर्षाचे करार. क्लबाला पुढच्या वर्षी आपण कुठल्या लीगमध्ये असू हे माहीत नसतं, म्हणून तो दोन वर्षांचं वचन देत नाही. चांगल्या खेळाडूला वरून बोलावणं येईल अशी आशा असते, म्हणून तो मागत नाही. परिणाम असा की तो वीस गोल मारतो आणि करार संपल्यावर निघून जातो. आपल्या हाती आठवणी उरतात. माझा आग्रह असा असतो की बावीसच्या आतल्या दोन-तीन पोरांना तरी दोन वर्षांचा करार द्यावा, आणि विकताना पुढच्या विक्रीतला हिस्सा लिहून घ्यावा. फिफाचा 'सॉलिडॅरिटी'चा नियमही समितीतल्या प्रत्येकाला पाठ हवा. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला तर बदलीच्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. सोळाच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. कोट्यवधींच्या बदलीत अर्धा टक्का म्हणजे आमच्यासारख्यांचा दोन हंगामांचा प्रवासखर्च. अँडी रॉबर्टसन २०१२-१३ मध्ये क्वीन्स पार्कसाठी चौथ्या थरात खेळत होता, आणि क्वीन्स पार्क तेव्हा हौशी क्लब होता. तिथून डंडी युनायटेड, हल आणि २०१७ मध्ये लिव्हरपूल. असे पोरगे आमच्या मैदानांवरून जातात. त्यांच्या नोंदणीचे कागद नीट ठेवणं हेही संघ बांधण्याचंच काम आहे.

पैसा कमी असेल तर तो मणक्यावर खर्च करावा: गोलकीपर, दोन सेंटर-हाफ (मधले बचावपटू), एक स्ट्रायकर. बाकीच्या जागा तीन कुळांतून भरतात. मोठ्या क्लबांच्या अकादमीतून अठरा-वीसला सोडून दिलेली पोरं, पूर्णवेळ खेळून झाल्यावर नोकरीला लागलेले तिशीतले, आणि लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडून तात्पुरते उसने आलेले.

लोन ही दुधारी गोष्ट. वरचा क्लब पगाराचा मोठा भाग उचलतो, आपल्याला परवडणार नाही असा खेळाडू मिळतो, पण तो आपला नसतो. अर्ब्रोथची २०२१-२२ ची कहाणी यासाठी मुळातून समजून घ्यावी. उत्तर समुद्राला अगदी खेटून असलेलं गेफील्ड पार्क, अर्धवेळ खेळाडू, डिक कॅम्पबेल मॅनेजर, आणि चॅम्पियनशिपमध्ये जवळपास सगळे प्रतिस्पर्धी पूर्णवेळ. तरी हा संघ एप्रिलपर्यंत विजेतेपदाच्या शर्यतीत होता. पहिल्या अर्ध्यात त्यांच्या आक्रमणाचा आधार होता लिव्हिंगस्टनकडून लोनवर आलेला जोएल नूबल. जानेवारीत लिव्हिंगस्टनने त्याला परत बोलावलं. त्यांचा तो हक्कच होता. २२ एप्रिल २०२२ ला किल्मार्नॉकने अर्ब्रोथला २-१ ने हरवून विजेतेपद घेतलं. शेवटच्या तक्त्यात ६७ विरुद्ध ६५. नूबल असता तर काय झालं असतं याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही, पण त्या दोन गुणांची आठवण झाली की मला अजून हळहळ वाटते. मी लोनचा करार करताना परत बोलावण्याचं कलम आधी वाचतो, खेळाडूचं नाव नंतर. पहिल्या अकरात लोनवाले तीनपेक्षा जास्त नकोत, हे मॅनेजरला उन्हाळ्यातच सांगून ठेवतो.

वर जाणं नेहमी परवडतं असंही नाही. ब्रीचिन हे सातेक हजार वस्तीचं गाव. २०१७ मध्ये ब्रीचिन सिटी लीग वनमध्ये चौथे येऊनही प्ले-ऑफ, म्हणजे बढतीसाठीचे निर्णायक सामने, जिंकून चॅम्पियनशिपमध्ये गेले. पुढच्या हंगामात ३६ सामन्यांत एकही विजय नाही. चार बरोबरी, ३२ पराभव. तिथून जो उतार सुरू झाला तो थांबेना. २०१८ मध्ये खाली, २०१९ मध्ये आणखी खाली, आणि २०२१ मध्ये केल्टी हार्ट्सकडून प्ले-ऑफ हरून थेट एसपीएफएलच्या बाहेर, पाचव्या थरातल्या हायलँड लीगमध्ये. अर्धवेळ राहून वरच्या लीगमध्ये टिकायचं तर वर्षभर मार खायची मनाची तयारी लागते. पूर्णवेळ व्हायचं तर पगार तिप्पट होतात, आणि खाली आलो की ते करार गळ्यात राहतात. बढतीच्या वर्षी करारात 'खाली गेल्यास पगार इतका कमी' हे कलम घालणं म्हणजे खेळाडूवर अविश्वास नाही. तो क्लब पुढच्या वर्षी अस्तित्वात असावा यासाठी आहे, आणि हे समजावून सांगितलं तर बहुतेक खेळाडू मान्य करतात.

खालच्या दाराची भीती आता खरी आहे. पूर्वी शेवटचा आला तरी क्लब लीगमध्येच राहायचा. २०१५ पासून लीग टूच्या शेवटच्या संघाला हायलँड किंवा लोलँड लीगच्या विजेत्याशी खेळावं लागतं. ईस्ट स्टर्लिंगशायर, बेरिक रेंजर्स, ब्रीचिन, काउडनबीथ, अल्बियन रोव्हर्स हे पाच क्लब २०१६ ते २०२३ मध्ये त्या दारातून बाहेर गेले, आणि २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत एकही परतला नव्हता. २०२५ मध्ये बॉनिरिग रोजची पाळी आली. त्यांच्या मैदानाच्या उताराच्या प्रश्नावरून त्या हंगामात त्यांचे सहा गुण कापले गेले होते. दर जानेवारीला तळाचे क्लब घाबरून दोन-तीन महागडे खेळाडू घेतात ते या दारामुळे. ती घबराट मी समजू शकतो, तिला बळी पडू नका एवढंच सांगेन.

श्रीमंत मालकाचं म्हणाल तर ग्रेटना आठवा. सीमेवरचं तीनेक हजार वस्तीचं गाव. ब्रूक्स माइल्सन यांच्या पैशावर क्लब २००५, २००६, २००७ अशा सलग तीन बढत्या घेत सर्वोच्च लीगमध्ये पोचला. २००६ च्या स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना हार्ट्सविरुद्ध पेनल्टींवर हरला. स्वतःचं मैदान वरच्या लीगच्या निकषांत बसेना, म्हणून घरचे सामने शंभर किलोमीटरहून दूर मदरवेलला. २००८ च्या एप्रिलमध्ये इनव्हरनेसविरुद्धच्या सामन्याला ४३१ माणसं होती. तोवर माइल्सन आजारी पडले होते, पैसा थांबला होता आणि क्लब प्रशासकाच्या, म्हणजे देणी थकलेल्या संस्थेचा कारभार हाती घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात होता. त्याच उन्हाळ्यात तो क्लब संपला. माइल्सन यांच्याबद्दल माझ्या मनात वाईट भाव नाही, त्यांनी त्या गावाला खरोखर आनंद दिला. चूक ही झाली की पगार एका माणसाच्या तब्येतीवर अवलंबून होते.

हे जुनं झालं असं समजू नका. २०१५ चा स्कॉटिश चषक जिंकणारा इनव्हरनेस ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि त्याचे १५ गुण कापले. पुढच्याच महिन्यात डंबार्टन, १८९१ मधला स्कॉटलंडचा पहिला संयुक्त लीग विजेता. तिथे जमिनीच्या विक्रीतून यायचे पैसे आलेच नाहीत. त्यांचेही १५ गुण गेले, आणि क्लब खालच्या लीगमध्ये घसरला. पैसा एकाच स्रोतातून यायचा असेल, आणि तो स्रोत मैदानाबाहेरचा असेल, तर मला झोप लागत नाही. मालक येणार असेल तर यावा, पण त्याचा पैसा स्टँडला, मैदानाला, अकादमीला लागावा. पगाराला हात लावू नये.

मग कोणाकडे बघून शिकायचं? मी मॉन्ट्रोजचं नाव घेईन. २०१५ मध्ये हा क्लब लीगमधून जवळजवळ बाहेर पडला होता, ब्रोरा रेंजर्सविरुद्धच्या पहिल्यावहिल्या प्ले-ऑफमध्ये कसाबसा वाचला. २०१६ च्या डिसेंबरात स्टुअर्ट पेट्री मॅनेजर म्हणून आले, २०१८ मध्ये लीग टू जिंकली, आणि पुढची कितीतरी वर्षं अर्धवेळ राहून लीग वनच्या वरच्या अर्ध्यात. तोच मॅनेजर, संघाचा तोच गाभा, मैदान आठवडाभर गावातल्या मुलांनी भरलेलं. स्टेनहाउसम्यूरने २०२४ मध्ये लीग टू जिंकली. १८८४ पासूनच्या इतिहासातलं ते त्यांचं पहिलं लीग विजेतेपद. दोन्हीकडे काही चमत्कार घडला नाही. संघ दरवर्षी पायापासून बांधावा लागला नाही, एवढंच झालं, आणि या थरावर एवढ्यानेही खूप फरक पडतो.

तुमचा शेवटचा प्रश्न, काम शिकण्याचा. येईल, नक्की. अशा क्लबांत माणसांची कायम टंचाई असते. स्वतःहून पत्र लिहा, पण 'डेटा ॲनालिसिस करीन' असं लिहू नका. 'शनिवारी सकाळी ९ ला येऊ शकतो' असं लिहा. पहिले दोन महिने तुम्हाला गेटवर उभं करतील, कार्यक्रमपत्रिका विकायला लावतील, सामन्यानंतर खेळाडूंच्या मोज्यांच्या पिशव्या उचलायला लावतील. गेटवर उभे राहाल तेव्हा कोण पूर्ण तिकीट घेतो, कोण सवलतीचं, आणि पाऊस असला की कोणते चेहरे दिसत नाहीत, हे वहीत लिहून ठेवा. हंगामाच्या शेवटी ती वही घेऊन खजिनदाराकडे जा. माझ्याकडे अशी वही घेऊन आजवर एकच मुलगी आली. एकट्याने येणारे पेन्शनर मंगळवारच्या सामन्याला का येत नाहीत, तर परतीची शेवटची बस सव्वानऊला सुटते, हे तिने शोधून काढलं होतं. आम्ही मिनीबस लावली आणि मंगळवारी पस्तीस-चाळीस माणसं वाढली. ती आता आमच्या समितीवर आहे.